बेकारी निम्मी, पण कामं किती?

प्रिय ताई,

आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेला, नोव्हायजवळ राहतो. माहेर सातारा, सासर सांगली. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर आहे, एच-वनवर, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन तीन वर्षं झाली, ग्रीन कार्डची पुढची रांग तुम्हाला ठाऊकच आहे. मी एच-फोर ईएडीवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये काम करते. मुलगी तिसरीत. नवऱ्याच्या कंपनीत वर्षभरात दोनदा लेऑफ झाले. दोन्ही वेळा तो वाचला, पण तेव्हापासून अवेळी फोन वाजला तरी आम्ही दोघं दचकतो.

आता त्याला दुसऱ्या राज्यातल्या एका लहानशा काउंटीतून (आपल्या जिल्ह्यासारखी, पण बरीच लहान) ऑफर आली आहे. हायड्रॉलिक पंपांचा कारखाना, हुद्दा वरचा, पगार जवळपास हाच. अख्ख्या काउंटीची वस्ती अठरा हजार. मोठं म्हणावं असं शहर पंचावन्न मैलांवर. घरं मात्र इथल्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतात. सरकारी साइटवर पाहिलं तर तिथली बेकारी आमच्या काउंटीच्या निम्मी आहे. नवऱ्याने तो तक्ता छापून फ्रिजवर लावलाय. म्हणतो, ‘जिथे माणसंच मिळत नाहीत तिथून मला कोण काढणार?’ सासूबाई म्हणतात, शेताजवळ घर मिळतंय तर घेऊन टाका. माझं मन काही घेत नाही, पण का ते नीट सांगताही येत नाही. तो आकडा चुकीचा आहे का?

— द्विधा, मिशिगन

अगं द्विधा,

आकडा बरोबर असणार. एका राज्याच्या रोजगार खात्यात असेच तक्ते करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, तेव्हा त्यांच्या बाजूने एवढं बोलणं मला भाग आहे. पण मन घेत नाही म्हणतेस, त्यालाही कारण आहे. ते सांगायला मला आधी कोकणात जावं लागेल.

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. मे महिन्यात आम्ही जायचो तेव्हा वाडीत सोळा घरं होती आणि बेकार माणूस औषधालाही नव्हता. पारावर टवाळक्या करत बसलेली पोरं हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात. वाडीत बसणार कोण? मिसरूड फुटायच्या आत पोरगा मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. मागे उरायच्या बायका, म्हातारे आणि आमच्यासारखी सुट्टीतली पाहुणी. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा, ओसरीवर टेकायचा, आजीच्या डाव्या अंगठ्याला शाई लावायचा आणि मग आजी दिवसभर तो अंगठा पदराला पुसत राहायची. २०११ च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. त्या वाडीचा बेकारीचा दर कुणी काढला असता तर शून्य आला असता, आणि तो आकडा अगदी खरा असता. ज्यांना काम हवं होतं ते सगळे एसटीत बसून गेले होते.

आता तुमचा फ्रिजवरचा तक्ता. इथे बेकार कोणाला धरतात? हाताला काम नाही, मिळालं तर करायला मोकळा आहे, आणि गेल्या चार आठवड्यांत कामासाठी खटपट केली आहे, अशी तिन्ही उत्तरं आली तरच. खटपट थांबवली की माणूस बेकारांत राहत नाही आणि कामावरच्यांतही येत नाही, हिशोबातूनच जातो. बेकारीचा टक्का काढताना भागाकाराच्या खालचा आकडा असतो तो फक्त कामावर असलेल्यांचा आणि काम शोधणाऱ्यांचा. गाव सोडून गेलेले, थकून घरी बसलेले, निवृत्त झालेले, आजारी पडलेले हे त्यात नाहीत. आणि ग्रामीण काउंट्यांत पाचातलं एक माणूस पासष्टीच्या पुढचं असतं.

आमच्या ऑफिसात एक वेल्डर यायचा, चोपन्न-पंचावन्नचा. त्याच्या गावातली फाउंड्री बंद पडली होती. सव्वीस आठवड्यांचा बेकारी भत्ता संपला त्या दिवशी शेवटचा आला. मी विचारलं, आता कुठे अर्ज केलाय? त्याने डोक्यावरची टोपी काढली, तिच्या कडेवरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडत म्हणाला, ‘कुठे करू? एकच जागा होती, तिला कुलूप आहे.’ त्यानंतर त्याने शोधणं सोडलं, बायकोच्या शाळेतल्या पगारावर घर चालू लागलं. त्या वर्षी त्याच्यासारखी कितीतरी माणसं हळूहळू शोधायची थांबली आणि काउंटीची बेकारी खाली आली. वरच्या मजल्यावरून त्याची आनंदाची प्रेस नोट निघाली. ती टाइप मीच केली होती.

याचं टोक पाहायचं तर वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी बघ. कोळशाच्या भरभराटीत, १९५० साली, तिथे लाखभर माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत एकोणीस हजारांच्या आसपास उरली. आणि उरलेल्या प्रौढांतले एक तृतीयांशच्या आसपास लोक काम करतात किंवा शोधतात. देशाचं हे प्रमाण बासष्ट टक्क्यांच्या आगेमागे असतं. अशा ठिकाणी बेकारीचा टक्का काहीही आला तरी त्यावरून काय कळणार?

पण सगळी खेडी मॅकडॉवेलसारखी आहेत असं धरून चालू नकोस. नेब्रास्का आणि डकोटांमधल्या कितीतरी काउंट्यांत दोन-तीन टक्के बेकारी वर्षानुवर्षं आहे आणि तिथे खरोखरच माणसं मिळत नाहीत. शाळेला बस ड्रायव्हर मिळत नाही, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमला नर्स मिळत नाही. त्यातल्या बऱ्याच काउंट्यांची लोकसंख्या १९३० च्या आधीच शिखरावर पोचून उतरणीला लागली. म्हणजे आमच्या वाडीचंच मोठं रूप. काम आहे, पण ते ठरावीक चार प्रकारचं. त्या चारांत तुझ्या नवऱ्याचं पाचवं काम बसतं की नाही, हे टक्का सांगत नाही.

उलटंही पाहा. कॅलिफोर्नियातली इम्पीरियल काउंटी सरकारदरबारी ‘मेट्रो’ आहे आणि बेकारीच्या यादीत वर्षानुवर्षं देशात वरच्या नंबरात. आहे काय तिथे? कालव्याच्या पाण्यावरचे लेट्यूस-कांद्याचे मळे आणि मोसमी मजूर. मेट्रो म्हणजे उंच इमारती असं आपल्या डोक्यात असतं. इथे व्याख्या इतकीच की मधोमध पन्नास हजार वस्तीचा शहरी गाभा हवा, आणि शेजारच्या काउंटीतले कमीत कमी पाव कामकरी त्या गाभ्याच्या काउंटीत कामाला जात असतील तर तीही मेट्रोत. त्यामुळे मक्याच्या शेतांनी भरलेल्या काउंट्याही मेट्रोत असतात. देशातल्या एकतीसशेच्या वर काउंट्यांपैकी बाराशेच्या आसपास मेट्रो आहेत. उरलेल्या सगळ्यांत मिळून देशातले चौदा टक्के लोक राहतात. तेव्हा ‘गाव की शहर’ हा वाद या शिक्क्यावरून सुटायचा नाही.

आता गेल्या पंधरा-वीस वर्षांचा कल सांगते, कारण तुझ्या नवऱ्याचा सगळा विश्वास ‘खेड्यात बेकारी कमी’ या एका ओळीवर आहे. २००८ च्या मंदीनंतर शहरी काउंट्यांतल्या नोकऱ्या काही वर्षांत भरून निघाल्या आणि पुढे गेल्या. ग्रामीण काउंट्यांत मात्र २०१९ उजाडलं तरी काम करणाऱ्यांची संख्या मंदीपूर्वीच्या पातळीला पोचली नव्हती. त्याच काळात बेकारीचा टक्का दोन्हीकडे जवळजवळ सारखाच खाली आला! नोकऱ्या परत न येता बेकारी गेली. माणसं गेली, म्हातारी झाली किंवा शोधायची थांबली. २०१० ते २०२० या दशकात ग्रामीण अमेरिकेची एकूण लोकसंख्याच किंचित घटली, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग २०२० चा एप्रिल आला, देशाची बेकारी चौदा टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा मार जास्त शहरांना बसला, हॉटेलं-थिएटरं-विमानतळ तिकडेच. खेड्यांचा टक्का लवकर सावरला आणि पुढची दोन-तीन वर्षं लोक तिकडे राहायलाही गेले. तुझा नवरा जे वारं पाहतोय ते हे. खोटं नाही, पण जुनी गोष्ट त्याने पुसली जात नाही.

आपल्याकडेही असंच दिसतं बरं का. भारताच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ ला ग्रामीण बेकारी २.५ टक्के आणि शहरी ५.१. म्हणून कुणी मुलाला सांगत नाही की बाबा, पुण्यात धोका आहे, आटपाडीला जा.

आकड्याबद्दल अजून दोन बारक्या गोष्टी, मग सोडते. देशाच्या बेकारीसाठी दर महिन्याला साठ हजारांच्या आसपास घरांत विचारणा होते. अठरा हजार वस्तीच्या काउंटीच्या वाट्याला त्यातली किती घरं येतील? फार तर तीन-चार, कदाचित एकही नाही. म्हणून लहान काउंटीचा आकडा भत्त्याचे अर्ज, राज्याचा एकूण आकडा असं जुळवून, गणित मांडून काढतात. चांगलं गणित असतं, पण अर्ध्या टक्क्याच्या फरकावर घर विकू नये.

दुसरं, महिना कोणता पाहिलास? काउंटीच्या आकड्यांतून मोसमाचा चढउतार काढलेला नसतो. मॅकिनॉ बेटावर तुम्ही गेलाच असाल, मिशिगनमध्ये राहून फज खाल्लं नाही असं होत नाही. जुलैत तिथे घोडागाड्यांना जागा नसते, सायकलवाल्या पोरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑक्टोबर संपता संपता दुकानांच्या खिडक्यांना फळ्या लागतात. त्या काउंटीची बेकारी हिवाळ्यात दोन आकडी आणि उन्हाळ्यात नगण्य. तुमच्या भागातही जुलैत कार कारखाने नव्या मॉडेलसाठी थांबतात तेव्हा आकडा उगाच वर जातो. दोन्ही काउंट्यांचा एकच महिना घे, आणि निदान पाच वर्षांचा घे.

आता मुद्द्याचं. तुझा नवरा म्हणतो, माणसं मिळत नाहीत तिथून कोण काढणार. त्या गावातलं कुणी काढणार नाहीच. कारखाना बंद करायचा निर्णय गावात होतच नाही. आयोवात न्यूटन नावाचं पंधरा हजार वस्तीचं गाव आहे. मेटॅग कंपनीची वॉशिंग मशिनं तिथे बनायची, मुख्य कचेरीही तिथेच. २००६ मध्ये व्हर्लपूलने कंपनी घेतली, २००७ च्या ऑक्टोबरात कारखाना बंद. कामगार आळशी नव्हते की मशिनं खपत नव्हती असंही नाही, विकत घेणाऱ्याकडे दुसरे कारखाने होते. नंतर पवनचक्कीची पाती बनवणारे आले, २०२१ च्या शेवटी त्यांचंही काम थांबलं. तरी न्यूटन ओस पडलं नाही. का? डे मॉइन तिथून पस्तीस मैलांवर आहे. लोक गाडीत बसले आणि तिकडे कामाला जाऊ लागले. आज ती काउंटी कागदोपत्री डे मॉइन मेट्रोत मोडते. जिचा मोठा कारखाना गेला ती काउंटी मेट्रो झाली, असा सरकारी विनोद.

यात तुझ्यासाठी एक गोष्ट आहे. बेकारीचा दर माणूस राहतो कुठे त्यावर मोजतात, कामाला जातो कुठे त्यावर नाही. तेव्हा तुमच्या नव्या काउंटीतली ती निम्मी बेकारी कदाचित पंचावन्न मैलांवरच्या शहराची देणगी असेल. रोज पहाटे पाचला हायवेवर हेडलाइटांची रांग लागत असेल, तर कामं गावात नाहीत, रांगेच्या दुसऱ्या टोकाला आहेत.

एकाच धंद्यावर उभी असलेली जागा कशी हलते ते पाहायचं तर तुमच्या शेजारच्या इंडियानात एल्कहार्ट आहे. देशातल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, त्या भागात बनतात. २००९ च्या सुरुवातीला बेकारी १९-२० टक्क्यांच्या घरात, ओबामा अध्यक्ष झाल्यावर महिन्याच्या आत तिथे जाऊन आले. दहा वर्षांनी तीच काउंटी दोन-तीन टक्क्यांवर, रस्त्यारस्त्यावर ‘माणसं हवीत’च्या पाट्या. फ्रिजवर कुठल्या वर्षीचा कागद लावायचा?

आणि त्याच राज्यात कोलंबस आहे, बार्थोलोम्यू काउंटी. पुण्यात कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या कमिन्सचं हे घर, १९१९ पासूनचं. १९६२ पासून पुण्याशी नातं, त्यामुळे तिथे किराणा दुकानात मराठी ऐकू येतं. पन्नास हजारांचं गाव. तिथेही एका कंपनीचा शब्द चालतो, पण तिच्याभोवती पुरवठादार आहेत, इंजिनांतल्या माणसाला इंजिनांतली दुसरी नोकरी त्याच परिसरात मिळू शकते, आणि इंडियानापोलिस तासाभरावर. लहान गाव म्हणून मी घाबरवत नाही हे तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगितलं. तुमच्या पंपांच्या कारखान्याभोवती काय आहे?

हा प्रश्न तुमच्यासाठी इतरांपेक्षा जास्त टोकदार आहे, कारण तुमच्यामागे घड्याळ आहे. एच-वनवाल्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस. ग्रीन कार्डवाल्या शेजाऱ्याला लेऑफ झाला तर तो सहा महिने भत्ता घेत विचार करेल. तुम्हाला दोन महिन्यांत दुसऱ्या कंपनीकडून अर्ज दाखल करून घ्यायचा आहे. नोव्हायमध्ये बसून तुझा नवरा त्या साठ दिवसांत दहा कंपन्यांत मुलाखती देईल, मुलीची शाळा बदलणार नाही, तुझा पगार चालू राहील. तिकडे त्याला नोकरी शोधायची, ती दुसऱ्या राज्यात, आणि त्याच वेळी स्वस्तात घेतलेलं घर विकायचं. कारखाना बंद झाला की गावातले सगळे एकदम घर विकायला काढतात. एक तृतीयांशात घेतलेलं घर मग त्याच्याही निम्म्यात कुणी घेईना होतं.

तुझ्या नोकरीबद्दल पत्रात तू एक ओळ लिहिलीस, नवऱ्याबद्दल दहा. तिकडे तुझ्यासाठी काय असेल? हॉस्पिटल असलंच तर पंचवीस खाटांचं, अकाउंट्सची दोन-तीन माणसं, ती वीस वर्षांपासून तिथेच. मग शाळांचं ऑफिस, काउंटी कोर्टहाउस, एक बँक. चार जागा, आणि चारही भरलेल्या. आता आहेस तिथेच विचार, घरून काम करू देतील का. दुसऱ्या राज्यातून पगार द्यायचा तर त्यांना तिथे कर-नोंदणी करावी लागते, म्हणून काही ठिकाणी नकार मिळतो. विचारायला पैसे पडत नाहीत, फक्त ऑफर स्वीकारण्याआधी विचार, नंतर नको.

मी एकतर्फी बोलते असं वाटू नये म्हणून दुसरी बाजू. डेट्रॉइटच्या परिसरात सुरक्षित आहे असं कोण म्हणेल? २००९ मध्ये जीएम आणि क्रायस्लर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या, मिशिगनची बेकारी देशात सर्वांत जास्त होती, आणि तुमच्याच ऑकलंड काउंटीतल्या चांगल्या चांगल्या वसाहतींत घरांपुढे जप्तीच्या पाट्या होत्या. तुमच्याकडेही दोन लेऑफ होऊन गेलेत, तिसऱ्यात तो वाचेलच असं नाही. तेव्हा निघायची घाई त्याला का झाली आहे ते मला समजतं. वरचा हुद्दाही हवा असणार, तो बोलत नसेल एवढंच. इथे दहा वर्षं एकाच पदावर बसलेल्या आपल्या मुलांचं ते दुखणं मी पुष्कळ पाहिलंय. त्या तक्त्यावर भांडू नकोस, भांडण तक्त्याचं नाही.

आता काय करायचं. तो कागद फ्रिजवरून काढा, उलटा करा, मागची बाजू कोरी असेल. नवऱ्याला त्यावर लिहायला सांग: पंपांचा कारखाना उद्या बंद झाला तर गाडीने तासाभराच्या आत मला कामावर घेऊ शकतील अशा कंपन्यांची नावं. खरी नावं, ‘बरंच काही असेल’ नको. दुसऱ्या बाजूला तू तुझी लिही. दोन्ही रकान्यांत पाच-सहा नावं भरली तर मला वाटतं जायला हरकत नाही. त्याच्या रकान्यात एक आणि तुझ्यात शून्य आलं, तर घर फुकट मिळालं तरी महाग आहे.

नावं शोधायला मदत लागेल. जनगणना खात्याचा ‘ऑन द मॅप’ उघड, काउंटीवर टिचकी मार, तिथले किती लोक बाहेर कामाला जातात आणि बाहेरून किती आत येतात ते नकाशावर दिसतं. कामगार सांख्यिकी खात्याचा दुसरा एक तक्ता आहे, मालक मंडळी बेकारी विम्यासाठी जी नोंद भरतात त्यावरून केलेला. देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या त्यात येतात, आणि तो कामाच्या जागेवरून मोजतो, घराच्या पत्त्यावरून नाही. तिथे बघ, त्या काउंटीत दहा वर्षांत नोकऱ्या वाढल्या की घटल्या आणि कारखानदारीचा हिस्सा किती. निम्म्याहून जास्त पगार एकाच धंद्यातून येत असतील तर सावध. मग राज्याच्या साइटवर वॉर्न नोटिसा शोध. शंभर आणि वर माणसांच्या कंपनीला मोठा लेऑफ करायचा तर साठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं, आणि त्या नोटिसा लोकांना वाचायला मिळतात. त्या कंपनीचं नाव टाक, जुन्या वर्षांत टाक, आधीच्या मालकाचंही टाक.

नवऱ्याने मात्र कंपनीलाच विचारावं, आणि संकोच न करता. कारखान्याचा मालक कोण, गेल्या पाच वर्षांत बदलला का? पंप जातात कुणाकडे, एकाच ट्रॅक्टरवाल्याकडे की दहा जणांकडे? शॉप फ्लोअरवर एजन्सीची माणसं किती? ऑर्डर घटल्या की पहिली तीच जातात, तेव्हा तो आकडा विचारला की पुढचं बरंच कळतं. सगळ्यात महत्त्वाचं: ग्रीन कार्डची प्रक्रिया नव्याने कधी सुरू करणार, तारखेसकट लेखी. आय-१४० तीन वर्षांपूर्वीचा आहे म्हणजे रांगेतली जुनी तारीख राहते, पण नव्या कंपनीला पर्मपासून, म्हणजे ग्रीन कार्डसाठी आधी घ्याव्या लागणाऱ्या कामगार खात्याच्या मंजुरीपासून, परत करावं लागतं, आणि पर्म त्या जागेशी बांधलेलं असतं. हे तुमच्या वकिलाशी बसून बघा, माझ्या सदरावर नको. शिवाय नोकरी कंपनीकडून गेली तर सहा महिन्यांचा पगार, हेही करारात मागायचं. वरच्या हुद्द्याला माणूस मिळत नाही असं तेच म्हणतायत ना? मग आत्ताच मागण्याची वेळ आहे. गावात बेकारी कमी असण्याचा तुम्हाला काही फायदा असेल तर तो हा, आणि तो सही करण्यापूर्वीच.

आणि एकदा जाऊन या. शनिवारी जाऊ नका, शनिवारी सगळी गावं गोड दिसतात. मंगळवारी दुपारी शिफ्ट सुटते त्या वेळी कारखान्याच्या गेटासमोर गाडी लावून बसा. बाहेर पडणाऱ्यांत तरुण किती, गाड्यांच्या नंबरप्लेटवर काउंटीचं नाव असेल तर कुठकुठली आहेत, पार्किंगचा किती भाग रिकामा आहे आणि फटींतून गवत उगवलंय का. मग मेन स्ट्रीटवर चहा घ्या, म्हणजे कॉफीच, चहा मागू नका.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? ग्रीन कार्डची लेखी तारीख आणि सहा महिन्यांच्या पगाराची हमी दोन्ही मिळाले तर गेले असते, पण त्या गावात घर घेतलं नसतं. शहर आणि कारखाना यांच्या मध्ये, शहराकडे झुकून, एक वर्ष भाड्याने राहिले असते. त्याला रोज पस्तीस-चाळीस मैल गाडी हाकावी लागेल. हाकू दे, वरचा हुद्दा त्याने घेतलाय. तुला शहरातल्या हॉस्पिटलांची दारं उघडी राहतील, मुलीला बरी शाळा आणि रविवारच्या मराठी वर्गाला इतर चार पोरं मिळतील. त्याने आधी जावं, तुम्ही दोघी जूनमध्ये शाळा संपल्यावर. तोवर तुझी नोकरी चालू. आणि दोन्ही गोष्टी लेखी द्यायला कंपनीने नकार दिला तर तो नकारच तुमचं उत्तर समजा, आणि नवऱ्याला म्हणावं नोव्हायच्या आसपास गाड्यांशी संबंध नसलेल्या कंपन्यांत अर्ज टाकायला लाग, वैद्यकीय उपकरणंवाले, पॅकेजिंगवाले, कुणीही. पुढचा लेऑफ झालाच तर तो सगळ्या गाडीवाल्यांत एकदम होणार आहे.

सासूबाईंना काय सांगायचं तेही सांगते. शेताजवळचं घर म्हणतात ते शेत दुसऱ्याचं असतं. आपल्या वाट्याला येतं ते गवत. एकरभर. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी ते कापावं लागतं आणि नाही कापलं तर गावाचं पत्र येतं. सांगलीत त्यांच्या दारात गडी असेल तर पाठवून द्या म्हणावं.

— तुझी ताई